कूलंट बदललं, मग पातळी का उतरते?

1. एक प्रश्न, तीन उत्तरं

होळी झाली, ऊन चढू लागलं, की छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतले बरेच गाडीवाले उन्हाळ्याच्या आधी कूलंट बदलून घेतात. हे शहाणपणाचंच काम आहे. पण त्यानंतर चार-आठ दिवसांत अनेकांना एकच प्रश्न पडतो. बॉनेट उघडून बघितलं तर कूलंटच्या बाटलीतली पातळी बोटभर खाली गेलेली असते. बदलण्याआधी वर्षभर ती जागची हलली नव्हती, मग आत्ताच का उतरली? मेकॅनिकनं काही बिघडवलं का? या प्रश्नाला आपल्याकडे तीन तयार उत्तरं मिळतात. पहिलं, कुठंतरी गळतंय. दुसरं, आपल्याकडचं ऊनच असं आहे की पाणी उडून जाणारच. तिसरं, काही होत नाही, नळाचं पाणी टाका आणि चालवा. पहिलं उत्तर कधी कधी खरं असतं, दुसरं जवळजवळ कधीच नसतं आणि तिसरं उत्तर गाडीचं सर्वांत जास्त नुकसान करतं. पातळी एकदा उतरली एवढ्यावरून गळती ठरत नाही. ती उतरून थांबते की उतरतच राहते, हे बघावं लागतं. हा फरक ओळखायचा तर कूलंट कुठं असतं, बाटली नेमकं काय दाखवते आणि आत अडकलेली हवा काय करते, या तीन गोष्टी क्रमानं समजून घ्याव्या लागतील.

2. इंजिनाला पाणी कशाला लागतं

इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळतं तेव्हा त्या वायूचं तापमान काही क्षण 2000 अंशांच्याही वर जातं. इंधनातल्या उष्णतेपैकी ढोबळमानानं एक तृतीयांश चाकांपर्यंत पोचायच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरावाटे जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. हा तिसरा वाटा बाहेर काढला नाही तर पिस्टन आणि सिलिंडर फुगून एकमेकांना धरतात, म्हणजेच इंजिन सीझ होतं. म्हणून सिलिंडरभोवती पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. त्यांतून वॉटर पंप कूलंट फिरवतो, तापलेलं कूलंट वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्यानं आणि पंख्यानं थंड होतं आणि खालच्या पाइपातून परत जातं. मध्ये थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन गार असताना ती बंद राहते आणि कूलंटला इंजिनातच फिरवते. साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान ती उघडते आणि रेडिएटरची वाट मोकळी होते. एक लहान शाखा डॅशबोर्डमागच्या हीटरकडेही जाते. या थर्मोस्टॅटची आणि हीटरची आठवण पुढे ठेवा. आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथं आहे.

पाणी कमी होणं ही मोटारगाडीची जन्मापासूनची अडचण आहे. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्टा बेंझ ही बाई नवऱ्यानं बनवलेली मोटार घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. सुमारे शंभर किलोमीटरचा तो प्रवास मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. त्या गाडीत सिलिंडरभोवतीचं पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि तीच थंड करायची पद्धत होती, म्हणून वाटेत जिथं मिळेल तिथं पाणी भरावं लागलं. तेच पाणी पुन्हापुन्हा वापरणारा, बारीक नळ्यांचा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर विल्हेल्म मायबाख यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर मर्सिडीज गाडीसाठी बनवला आणि पाण्याचा खप एकदम घटला. पुढे ही सगळी व्यवस्था दाबाखाली बंद करण्यात आली. रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग तेच काम करते. स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये शिटीचं वजन वाफ अडवून धरतं, त्यामुळे आतलं पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. गाडीचं झाकणही कूलंटला तसंच दाबात ठेवतं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंचावर आहे. त्यामुळे इथं उघड्या भांड्यातलं साधं पाणी 98 अंशांच्या सुमारास उकळतं, आणि घाट चढताना इंजिन सहज त्या तापमानाजवळ जातं. निम्मं ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं गोठू न देणारं द्रव्य, आणि निम्मं शुद्ध पाणी, वर झाकणाचा दाब, अशी जोडी असेल तर उकळबिंदू सव्वाशे अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे झाकण ढिलं पडलं की चांगलं कूलंटही उकळू शकतं. गरम इंजिनाचं झाकण उघडू नये याचंही कारण हेच. दाब एकदम सुटला की सगळं कूलंट उसळून हातातोंडावर येतं.

3. बाटली काय दाखवते

प्रत्येक द्रव तापला की फुगतो. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचं कूलंट 20 अंशांवरून 90 अंशांवर गेलं की साधारण 4 टक्के वाढतं. गाडीत 5 लिटर कूलंट असेल तर ही वाढ 200 मिलिलिटर होते, म्हणजे चहाचे दोन कप. ती सामावायला बाटली असते. त्यामुळे एकाच गाडीत एकाच दिवशी सकाळी आणि ऑफिसातून आल्यावर पातळी वेगळी दिसणार, आणि त्यात काहीही बिघाड नाही. बाटलीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणा गार इंजिनासाठी असतात. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागी घेतलेलं माप तेवढं खरं. गॅरेजातून गरम गाडी ताब्यात घेताना पातळी वरच्या खुणेला बघितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली दिसली, तर त्यातला बराच भाग या दोन कपांचाच असतो.

पण बाटली दोन प्रकारची असते आणि दोन्ही सारख्या खऱ्या बोलत नाहीत. अनेक नव्या गाड्यांत बाटली स्वतःच दाबाखाली असते. झाकण तिच्यावरच असतं आणि कूलंट तिच्यातून फिरतं. तिच्यातली पातळी म्हणजे सगळ्या व्यवस्थेची पातळी. जुन्या पद्धतीत झाकण रेडिएटरवर असतं आणि बाटली एका बारीक नळीनं बाजूला जोडलेली असते. कूलंट फुगलं की झाकणाची झडप उघडून ते बाटलीत जातं, इंजिन गार झालं की आत ओढ निर्माण होऊन दुसऱ्या छोट्या झडपेतून ते परत येतं. ही परतीची झडप अडकली किंवा ती बारीक नळी कुठं चिरली, तर कूलंट बाहेर जातं पण परत येत नाही. त्याऐवजी हवा ओढली जाते. अशा गाडीत बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं होऊ शकतं. म्हणून जुन्या पद्धतीच्या गाडीत, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरचं झाकण काढून काठोकाठ आहे ना हे बघितल्याशिवाय बाटलीवर विश्वास ठेवू नये.

4. अडकलेली हवा

कूलंट बदलल्यानंतर पातळी उतरण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हवा आहे, आणि ते समजायला थोडा हिशेब करावा लागतो. समजा, गाडीच्या पुस्तकात कूलंटची एकूण क्षमता 5 लिटर दिली आहे. रेडिएटरखालचा प्लग काढला तर सगळे 5 लिटर बाहेर येत नाहीत. इंजिनाच्या पोकळ्यांत आणि हीटरमध्ये काही राहतंच. समजा, 3.2 लिटर निघालं, आत 1.8 राहिलं. आता वरून नवं कूलंट ओतायला सुरुवात केली. 2.7 लिटर ओतल्यावर तोंडापर्यंत भरलं आणि आणखी घेईना. निघालं 3.2, गेलं 2.7. उरलेल्या अर्ध्या लिटरच्या जागी हवा बसलेली आहे. थर्मोस्टॅट बंद असतो, त्याच्या मागची हवा वर यायला वाट नसते. हीटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या वरच्या कोपऱ्यांत ती अडून राहते. मेकॅनिक याला गाडीनं एअर धरली म्हणतात. गाडी चालली, थर्मोस्टॅट उघडला, पंपानं जोर लावला की ही हवा बुडबुड्यांनी सरकत वर येते आणि तिची जागा बाटलीतलं कूलंट घेतं. पहिल्या दोन दिवसांत 300 मिलिलिटर, पुढच्या आठवड्यात 150, मग शेवटचे 50. बेरीज बरोबर 500. कुठंही थेंब सांडलेला नाही, तरी बाटली तीनदा उतरली.

म्हणून कूलंट बदलताना निघालेलं माप आणि घातलेलं माप लिहून ठेवणं हा माझ्या मते या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि नेमका तोच वगळला जातो. निघालेलं कूलंट मापाच्या डब्यात धरायला दोन मिनिटं लागतात. हा आकडा हाती असला की पुढच्या प्रत्येक टॉपअपचा हिशेब लागतो. वर घातलेलं कूलंट आत अडकलेल्या हवेएवढं होईपर्यंत काळजीचं कारण नाही. हिशेब पुरा झाल्यावरही पातळी उतरत राहिली, तर मात्र गळती शोधायला लागायचं.

हवा आधीच काढली तर हे उतरणं फारसं होतच नाही. कूलंट बारीक धारेनं, थांबत थांबत ओतावं, म्हणजे हवेला वर यायला सवड मिळते. ज्या गाड्यांत हवा काढायचा वेगळा स्क्रू दिलेला असतो, तिथं तो सैल करून बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत वाट बघावी. ओतताना वरचा होज पाइप हातानं दाबून सोडला तर तोंडाशी मोठे बुडबुडे येताना दिसतात. ते येणं थांबलं की पाइप हाताला भरीव लागतो. मग इंजिन सुरू करून हीटर पूर्ण गरमवर ठेवावा. आपल्याकडे हीटर वर्षानुवर्षं कुणी लावत नाही, त्यामुळे ही पायरी हमखास सुटते. ज्या गाड्यांत हीटरचा प्रवाह झडपेनं बंद होतो, तिथं ती शाखा न भरताच राहते. वरचा पाइप गरम होऊन रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद पडेपर्यंत इंजिन चालू ठेवावं, मग पूर्ण गार होऊ द्यावं आणि पातळी भरावी. यात तास-दीड तास सहज जातो. गर्दीच्या दिवसांत गॅरेजात एका गाडीला तेवढा वेळ मिळत नाही, आणि म्हणून शेवटची हवा मालकाच्या दारात निघते. ही मेकॅनिकची लबाडी नाही, मात्र गाडी देताना चार दिवसांनी पातळी बघा एवढं सांगणं त्याचं काम आहे.

हवा अडकलेली असताना गाडी दामटणं मात्र धोक्याचं आहे. हवेच्या पोकळीपाशी धातूची उष्णता ओढून नेणारं काहीच नसतं. शिवाय तापमानाचा सेन्सर हवेत आला तर काटा खोटं दाखवू शकतो. इंजिन तापलेलं असतं आणि काटा मध्यावर. हीटर गरमवर असूनही थंड हवा येत असेल, काटा एकदम वर जाऊन खाली येत असेल, डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल, तर हवा बाकी आहे. अशा गाडीनं दौलताबादमार्गे खुलताबादचा घाट किंवा कन्नडचा औट्रम घाट चढायला निघू नये.

5. ऊन, बोअरचं पाणी आणि अँबेसेडरचा दाखला

आता दुसऱ्या उत्तराकडे. बाहेर 42 अंश असताना कूलंट उडणारच, हे म्हणणं पटण्यासारखं वाटतं, पण टिकत नाही. कूलंट डिसेंबरातही 90 अंशांवरच फिरत असतं आणि बंद झाकणाआड असतं. बाहेरच्या उन्हानं ते उघड्या हौदासारखं आटत नाही. ऊन दुसरंच काही करतं. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. जानेवारीच्या सकाळी हवा 12 अंश असेल तर हा फरक 78 अंशांचा, मे महिन्याच्या दुपारी 42 असेल तर 48 चा. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण ताकद जवळपास साठ टक्क्यांवर आली. हिवाळ्यात अर्धा लिटर कमी असलेली गाडी काही तक्रार न करता चालते आणि तीच मे महिन्यात उकळते, याचं कारण हे. उन्हानं कूलंट संपवलेलं नसतं, आधीपासून असलेली कमतरता उघडी पाडलेली असते.

तिसरं उत्तर नळाच्या पाण्याचं. शहराचं नळाचं पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं, पण वर्षानुवर्षं ते काही दिवसांच्या अंतरानं येत आल्यानं घरोघरी बोअर आणि टँकरचाच आधार राहिला आहे. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. त्यातून मुरून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा टणक थर धरतो, तो हाच. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला की उष्णता बाहेर जायची वाट अडते. याशिवाय पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला टोचे पाडतात, आणि काही कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं क्षारांशी मिळून साका धरतात. युरोपातल्या कंपन्यांनी तिकडच्या जड पाण्यामुळेच फॉस्फेटची कूलंट टाळली, हे इथं लक्षात घेण्यासारखं आहे. वापरायचं ते डिस्टिल्ड पाणी, पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं तेच. बॅटरीचं ॲसिड ही निराळी आणि घातक वस्तू आहे, तिची गल्लत होऊ देऊ नये.

यावर जुन्या माणसांचा आक्षेप ठरलेला असतो आणि तो मोडीत काढण्यासारखा नाही. अँबेसेडर आयुष्यभर साध्या पाण्यावर चालली, तिला काय झालं? अँबेसेडरचं इंजिन जाड ओतीव लोखंडाचं होतं, रेडिएटर तांब्या-पितळेचा होता, पाण्याच्या वाटा रुंद होत्या आणि डिकीत पाण्याचा कॅन ठेवून रोज पातळी बघायची सवय मालकाला होती. रेडिएटर तुंबला तर डाग देणारा कारागीर तो उघडून सळ्या घालून साफ करायचा. आजचा रेडिएटर पातळ ॲल्युमिनियमचा असतो, त्याच्या टाक्या प्लास्टिकच्या आणि नळ्या फार बारीक. तो तसा उघडून साफ होत नाही, बदलावाच लागतो. दुसरा आक्षेप असा की इथं बर्फ पडत नाही, मग गोठू न देणारं द्रव्य कशाला? कारण तेच द्रव्य उकळबिंदू वाढवतं, आणि त्याच्यासोबतची रसायनं गंज थांबवतात व वॉटर पंपाचं सील जपतात. पण म्हणून ग्लायकॉल जास्त ते चांगलं, असंही नाही. उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. निव्वळ ग्लायकॉलची क्षमता पाण्याच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते. म्हणून साधारण निम्मं-निम्मं हे प्रमाण. रंगावरून कूलंट निवडू नये. हिरवं, गुलाबी, निळं हे कंपन्यांनी घातलेले रंग आहेत, प्रकार नव्हे. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार तेवढा बघावा.

प्रमाणाचा एक सापळा कूलंट बदलतानाच लागतो. वरच्या उदाहरणातल्याच गाडीत आधी साध्या पाण्यानं फ्लश मारला, तर प्लग काढल्यावरही 1.8 लिटर निव्वळ पाणी आत राहतं. त्यावर 3.2 लिटर तयार, निम्म्या मिश्रणाचं कूलंट ओतलं तर ग्लायकॉल जेमतेम 1.6 लिटर, म्हणजे 32 टक्के. फ्लश शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं करून, नंतर घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, कूलंट 2.5 लिटर आणि वर डिस्टिल्ड पाणी, असं केलं तरच पन्नास टक्के जमतात.

6. उतरणं थांबत नाही तेव्हा

हवेचा हिशेब पुरा झाला आणि तरी दर आठवड्याला 100 मिलिलिटर जातंय, तर आता ती गळतीच. ती बदलण्याच्या कामातूनही येऊ शकते. काढलेल्या होजवरची क्लिप जुन्या जागी नीट बसली नाही, प्लगचं वॉशर जुनंच लावलं, किंवा जुन्या क्षारांनी बुजलेलं छिद्र नव्या कूलंटनं स्वच्छ करून उघडं केलं. गरम पृष्ठभागावर पडलेला थेंब वाळून जातो, त्यामुळे जमिनीवर डाग दिसत नाही. मागे राहतो तो कूलंटच्याच रंगाचा कोरडा पापुद्रा. क्लिपच्या कडेला, रेडिएटरच्या प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यावर, वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी टॉर्च मारून बघितलं की तो सापडतो. पायाशी कार्पेट ओलं, गाडीत गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं असेल तर हीटरचा गाभा गळतो आहे. बाहेर काहीच नसेल तर गार इंजिनावर हातपंपानं दाब भरून तो उतरतो का हे बघतात; झाकणही याच पंपावर तपासता येतं, आणि ते स्वस्त असल्यानं आधी तपासावं.

सर्वांत वाईट शक्यता हेड गॅस्केटची, म्हणजे सिलिंडर आणि त्यांच्यावरचं हेड यांच्यामधल्या पातळ पट्टीची. ते गेलं की जळालेला वायू कूलंटमध्ये शिरतो. बाटलीत बुडबुडे येतच राहतात, सकाळी गार गाडीचा होजही फुगून कडक असतो, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर टिकून राहतो, कधी ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते. इथं अडकलेल्या हवेचा आणि गॅस्केटचा फरक सोपा आहे: अडकलेली हवा गाडी काही दिवस गरम-गार होत राहिली की संपते, गॅस्केटमधून येणारा वायू संपत नाही. खात्रीसाठी गॅरेजात निळ्या द्रवाची चाचणी करतात. बाटलीतला वायू त्यातून गेला आणि द्रव पिवळा पडला तर हेड उतरवायला लागणार. तोवर टॉपअप करत गाडी चालवणं म्हणजे हेड वाकवून घेणं.

घाटात काटा लाल पट्ट्यात गेला आणि जवळ फक्त प्यायच्या पाण्याची बाटली असेल, तर इंजिन बंद करून किमान अर्धा-पाऊण तास थांबावं, मग जाड फडकं धरून झाकण हळू फिरवावं आणि तेच पाणी घालावं. अडीअडचणीला साधं पाणी चालतं. शहरात परतल्यावर मात्र ते प्रमाण दुरुस्त करून घ्यावं. काढलेलं जुनं कूलंट गटारीत ओतू नये, गटारी शेवटी खाम नदीलाच मिळतात. ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यावर विषारी असतं; कुत्री आणि गुरं ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवावं आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या वर्कशॉपला विचारून तिथं द्यावं.